राजा-राणीची जोडी

नारायण पेठ, पुणे
१४ सप्टेंबर १९५८

चि. सौ. हेमलता हिला प्रेमावन्संचे आशीर्वाद, आणि आशीर्वादामागून नेहमीप्रमाणे एक काम.

अरविंदाचं पत्र आलं. त्यात कारखान्यातल्या उमेदवारीबद्दल दोन ओळी आहेत आणि बाकी दोन पानं तुमच्या घरमालकांकडच्या जेवणाबद्दल. अगं, पोराला मी मामाकडे म्हणून बंगळूरला धाडलं, आणि हा जेवतो गुरुराजरावांच्या पंगतीला! तू त्याला उपाशी ठेवतेस असं माझं म्हणणं नाही. पण तू माहेरी गेली होतीस तेव्हा हा तापानं पडला, आणि त्याचा मामा, आमचा श्रीकांत, म्हणजे पाणी उकळायचं तर भांडं जाळणारा. गुरुराजरावांच्या अहल्याबाईंनी आठवडाभर पेज करून दिली आणि त्यांच्या मुलींनी ती वरखाली खेपा घालून पोचवली, हे मला आत्ता कळतंय. तूही लिहिलं नाहीस.

तर उपकार असे अंगावर ठेवायचे नाहीत. दसरा-दिवाळी आलीच आहे. त्या दोघी मुलींना माझ्या नावानं काहीतरी दे. मोठी विमला सोळाची आणि धाकटी कौशल्या तेराची, असा अरविंदाचा अंदाज. या वयाच्या मुलींना काय द्यावं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खेळणं दिलं तर नाक मुरडतात, दागिना दिला तर आई म्हणते एवढ्यात कशाला. तुझी पारख चांगली आहे, म्हणून तुझ्यावर सोपवते.

एकच सांगते, आणि ते नीट वाच. साडी, खण, बांगड्या, कुंकवाचा करंडा यांतलं काहीही देऊ नकोस. आपल्या घरात लग्नाचा मुलगा आणि त्यांच्या घरात लग्नाची मुलगी. उगाच कुणी भलता अर्थ काढायला नको. इकडे नाशिकच्या दातारांच्या मुलीबद्दल बोलणं चाललं आहे, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा शोभेचं, निरुपद्रवी असं काहीतरी बघ.

प्रेमा


जयनगर, बंगळूर
८ ऑक्टोबर १९५८

ती. वन्संना नमस्कार, आणि कामगिरी फत्ते झाल्याची वर्दी.

चिकपेठेत पाय दुखेपर्यंत हिंडले. आधी वाटलं, पुस्तकं घ्यावीत. पण ही मंडळी घरात मराठी बोलतात आणि वाचतात कानडी. विमला शाळेत हिंदी शिकते म्हणून तिला आपली अक्षरं येतात, बाकी कुणाला नाही. मग म्हटलं पावडरचा डबा. त्यावर तुमचे भाऊ म्हणाले, "म्हणजे मुलींना काळं म्हणायचा विचार दिसतोय." रिबिनी फार किरकोळ वाटल्या. एक शाईचं पेन हातात घेतलं होतं, छान निळं होतं, पण ते मुलाला द्यायची वस्तू म्हणून परत ठेवलं.

शेवटी नजर गेली ती बाहुल्यांवर. आपल्याकडे गौरीपुढं आरास करतात ना, तशी इकडे दसऱ्याला घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. दुकानंच्या दुकानं भरली आहेत. त्यात लाल लाकडाची एक राजा-राणीची जोडी होती, हातभर उंच, अंगावर खऱ्या रेशमाचे कपडे. मला तुमचं वाक्य आठवलं. साडी-बांगड्यांचा लोक अर्थ काढतील, पण बाहुल्यांचा कोण काय अर्थ काढणार? लगेच घेतली. दुकानदार "मदुवेगा?" असं काहीतरी म्हणाला. माझं कानडी म्हणजे भाजीपुरतं. मी आपली "सरी, सरी" म्हणत राहिले. तर त्यानं जोडी लाल कागदात गुंडाळून आत हळदकुंकवाच्या पुड्या आणि सुपारीसुद्धा ठेवली. गिऱ्हाइकाबद्दल किती आपुलकी बघा! कौशल्येसाठी चंदनाची पेटी घेतली.

काल दुपारी दिलं सगळं. आणि वन्सं, काय सांगू! अहल्याक्कांनी कागद सोडला आणि त्या मटकन खालीच बसल्या. गुरुराजरावांना हाक मारली. ते उघडेच होते, ते आत जाऊन सदरा घालून आले.

"कुणी पाठवल्या?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वन्संनी. अरविंदाच्या आईनं."

"आईनं स्वतः? विमलासाठी?"

"हो, मुद्दाम लिहिलं होतं त्यांनी," मी म्हटलं.

अहल्याक्कांच्या डोळ्यांना पाणी आलं. मला पाटावर बसवून त्यांनी नारळानं ओटी भरली, तोंडात साखर घातली. विमला दाराशी उभी होती. मी हसून म्हटलं, "आवडल्या ना गं?" तर तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि ती आत निघून गेली. फार लाजाळू मुलगी आहे. मी तर म्हणते, साडी दिली असती तरी त्यांना एवढा आनंद झाला नसता.

हेमलता


जयनगर, बंगळूर
२६ ऑक्टोबर १९५८

सौ. प्रेमाक्कांना अहल्येचा नमस्कार. बोलते मी, लिहिते विमला. मला कानडी अक्षर येतं, मराठी येत नाही. तुम्ही हसू नका. आमची वाडवडील माणसं शहाजीराजांच्या वेळी इकडं आली असं आमचे सासरे सांगत. तेव्हापासून घरात मराठीच आहे, पण बाहेरचं कानडी स्वल्प स्वल्प आत आलं. ते तुम्ही चालवून घ्या.

तुमच्या बाहुल्या पोचल्या. आमच्यात मुलीची मदुवे, म्हणजे लग्न, ठरलं की तिला राजा-राणीची जोडी देतात. ती आईबापांनी द्यायची. मग मुलगी ती सासरी नेते आणि दर दसऱ्याला सगळ्यांत वरच्या पायरीवर मांडते. तुम्ही आम्हाला द्यायला न लावता स्वतःच जोडी पाठवलीत, हळदकुंकू-सुपारीसकट. विमलाचे अप्पा म्हणाले, पुण्याची माणसं किती मोठ्या मनाची, मुलीच्या बापाचा भारसुद्धा त्यांनीच उचलला. इतक्या पिढ्यांनी आमची मुलगी परत आपल्या मुलखात जाणार. मला तर रडूच आलं.

दसऱ्याला आळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. ही जोडी कुणाची, म्हणून विचारायला लागल्या. मी विमलाला पुढं बसवून आरती केली. अरविंदाचं नाव घेतलं नाही, पण बायकांना काय, कळतंच.

आणखी एक तुम्हाला सांगून ठेवते, उगाच बाहेरून कानावर यायला नको. माझा धाकटा भाऊ हयवदन तुमकुरात असतो. आमच्यात मामाला मुलगी देतात. विमला त्याला द्यायची असं आमची आई पहिल्यापासून म्हणायची. ती आता अंथरुणाला आहे, म्हणून येत्या माघात लग्न उरकायचं चाललं होतं. मी त्याला कळवलं की तू दुसरी मुलगी बघ. तो सरी म्हणाला. अप्पा म्हणतात, पुण्याच्या माणसांना शिकलेली सून पाहिजे असणार, तर मार्चची एस.एस.एल.सी.ची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा होऊन जाऊ दे.

अरविंदाची पत्रिका पाठवा. उत्तराची घाई नाही. तुमच्या सवडीनं लिहा, मार्च झाल्यावर लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
अहल्या


नारायण पेठ, पुणे
३ नोव्हेंबर १९५८

हेमलता,

तू बाहुल्या दिल्यास की माझा मुलगा दिलास?

सोबत अहल्याबाईंचं पत्र पाठवते. बसून वाच, उभ्यानं वाचू नकोस. शाबास तुझ्या सरी-सरीची! दुकानदार तुला विचारत होता, लग्नासाठी का? आणि तू मान डोलावून हो म्हणालीस. मी एवढी बजावून सांगते की साडी नको, बांगड्या नकोत, आणि तू शोधून शोधून साडी-बांगड्यांच्या वरचं घेऊन आलीस.

माणसं चांगली असतील, मी नाही म्हणत नाही. माझ्या पोराला त्यांनी ताप असताना सांभाळलं. पण म्हणून सोयरीक? सख्ख्या मामाला मुलगी द्यायला निघालेली माणसं! आणि ते स्वल्प-बिल्प मराठी, ते इकडे चार बायकांत कसं शोभायचं? दातारांची मुलगी बी.ए.ला आहे.

मी या पत्राला उत्तर देणार नाही. देऊ तरी काय? ओळख नाही, देख नाही, आणि पहिल्याच पत्रात "तुमची मुलगी नको" असं लिहू? तू केलंस, तूच निस्तर. दिवाळीच्या आत जाऊन स्पष्ट सांगून टाक. उत्तराची घाई नाही असं त्यांनीच लिहिलंय, तेवढाच काय तो दिलासा.

प्रेमा


जयनगर, बंगळूर
२० नोव्हेंबर १९५८

ती. वन्संना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही मी केलंच नव्हतं. मला माझी लाज वाटते, ते आधी लिहिते म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी खाली गेले होते. वाक्य घोकून गेले होते. अहल्याक्का चकल्या तळत होत्या. मला बघताच त्यांनी पाट सरकवला आणि म्हणाल्या, "या, विहीणबाई." झालं, वाक्य पळालं. मी म्हटलं, "वन्संचं पत्र आलंय." त्या म्हणाल्या, "पत्रिका?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "शोधताहेत." कुठून आलं ते, देव जाणे! वाटीभर चकल्या घेऊन वर आले. चकल्या छान झाल्या होत्या. हे मला ठाऊक आहे, कारण मी त्या खाल्ल्या.

त्यानंतर पुन्हा गेले, पुन्हा तसंच. तुमचे भाऊ म्हणतात, बायकांच्या भानगडीत मला ओढू नका.

अरविंदाला मी काही सांगितलेलं नाही. त्याला कळलं तर तो खाली जायचा बंद होईल आणि मग सगळंच उघडं पडेल. कौशल्या त्याला "भावा, भावा" म्हणून हाका मारते. तो खूश! मला म्हणाला, "मामी, ही मला भाऊ मानते. भाऊबीजेला जायला हवं." वन्सं, इकडे भाव म्हणजे बहिणीचा नवरा. मी हे त्याला सांगायचं की नाही? मी नाही सांगितलं. तो बापडा रिबिनी घेऊन ओवाळून घ्यायला गेला. त्यांना वाटलं, जावई आपण होऊन दिवाळसणाला आला. गुरुराजरावांनी त्याला पाटावर बसवून जरीकाठी धोतर दिलं. ते हातात घेऊन हा वर आला आणि म्हणाला, "किती प्रेमळ माणसं आहेत हो!" मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिले.

विमलाचं तर मला बघवत नाही. अप्पांनी तिला घरकामातून मोकळं केलंय, गणिताला एक शिकवणीच्या बाई येतात. दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसून लिहीत असते. मी गेले की वही मिटून उठून उभी राहते. बहुतेक वहीच्या कडेला अरविंदाचंच नाव लिहीत असेल. ते वयच तसं असतं. मी तोंड उघडलं की या पोरीचं मन मोडणार, आणि मोडणारी मी. म्हणून रोज म्हणते, उद्या.

हेमलता


नारायण पेठ, पुणे
५ जानेवारी १९५९

हेमलता,

भीड भिकेची बहीण, असं म्हातारी माणसं म्हणत ते खोटं नाही. तुझ्या भिडेपायी मी आता तोंडघशी पडणार आहे.

दातारांकडचं नक्की झालं. मुलगी आम्हाला पसंत आहे, पत्रिका जुळली. अरविंदाला पंधरवड्याची रजा मिळेल तेव्हा साखरपुडा करून घेऊ. तो परत बंगळूरला येईल तो बोटात अंगठी घालूनच. ती अंगठी बघून अहल्याबाईंना कळावं असं तुला वाटतंय का? मला नाही वाटत. मी कितीही फटकळ असले तरी तेवढी निर्दय नाही.

तेव्हा संक्रांतीच्या आत सांग. सगळा दोष माझ्यावर घाल हवं तर, म्हणावं अरविंदाची आई खडूस आहे. पण सांग.

प्रेमा


जयनगर, बंगळूर
१० फेब्रुवारी १९५९

ती. वन्संना नमस्कार.

सांगितलं. संक्रांतीच्या दिवशीच सांगितलं. कौशल्या तिळगुळाची ताटली घेऊन घरोघर गेली होती आणि अहल्याक्का एकट्याच बाहेर बसल्या होत्या. ज्या दिवशी गोड बोलायचं त्याच दिवशी मी हे बोलले.

दुकान, मदुवे, माझी सरी-सरी, सगळं सांगितलं. दोष तुमच्यावर घातला नाही. तुम्ही फक्त भेट द्या म्हणाला होतात, बाकी सगळं माझं, असंच सांगितलं. त्या ऐकत होत्या. मध्येच एकदा आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण त्या उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "सरी." मग म्हणाल्या, "पण मी सगळ्या बायकांना दाखवलं ना हो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठले तर त्यांनी मला कुंकू लावलं. सवाशीण बाई सणाची आली होती, म्हणून.

खरं सांगू का वन्सं, वर आले तेव्हा मला मोकळं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. तुमच्या भावाला म्हटलं, सुटले एकदाची. तेही म्हणाले, बरं केलंस. असं वाटण्याचीच आता मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

कारण चारच दिवसांत अहल्याक्कांचे ते भाऊ, हयवदन, तुमकुराहून आले. त्यांनी दुसरी मुलगी पाहिलीच नव्हती. हयवदन मनुष्य वाईट नाही, बोलायला सौम्य आहे. बहिणीला म्हणाला, "अक्का, झालं ते झालं, आई वाट बघते आहे." आळीत चर्चा व्हायच्या आत उरकायचं म्हणून याच महिन्यातला मुहूर्त धरला. शिकवणीच्या बाई यायच्या बंद झाल्या. पायरीवर आता कौशल्या पाटी घेऊन बसते.

मला राहवेना. मी गुरुराजरावांना विचारलं, "आणि विमलाची परीक्षा? मार्चमध्येच आहे ना?"

ते म्हणाले, "आता कुणासाठी, अम्मा? हयवदन स्वतःच सातवीपर्यंत शिकलेला. मुलगी नवऱ्याच्या पुढं गेली तर ते बरं दिसत नाही."

मी म्हटलं, निदान एक महिना थांबा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खालीच बघायला लागले. काय अधिकारानं बोलत होते मी? ते उठून आत गेले.

हयवदन कौतुकानं सांगत होता, विमला लहान असताना त्यानं तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. सगळे हसले. विमला पानं पुसत होती. मला तिथं बसवेना.

मी गप्प बसले तेव्हा मला वाटत होतं, मी त्या मुलीचं मन जपते आहे. आता कळत नाही मी काय जपत होते. तुम्ही मला रागावून लिहा.

हेमलता


नारायण पेठ, पुणे
१७ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. हेमलता,

रागावून काय लिहू? परवाच दातारांच्या मुलीच्या बी.ए.चं मी इथं चार बायकांत कौतुक करत होते, आणि घरी येऊन तुझं पत्र वाचलं.

त्या मुलीला परीक्षेला बसू द्या, असं माझ्या नावानं त्यांना सांग. अरविंदाची आई हात जोडून सांगते म्हणावं. त्यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते आज या पत्राबरोबर वेगळं लिहून पाठवते आहे. उशीर झाला हे मला कळतं. मुहूर्त कधीचा आहे ते तू लिहिलंच नाहीस. पत्र वेळेवर पोचलं नाही तर माझं त्यांना लिहिलेलं पत्र फाडून टाक. लग्न झालेल्या घरात ते कुणी वाचायला नको.

प्रेमा


तुमकूर
६ एप्रिल १९५९

सौ. हेमलताक्कांना विमलाचा नमस्कार.

मला मराठी लिहायची सवय नाही. आईच्या पत्रानंतर हे दुसरंच. चुका सोडून द्या.

मी बरी आहे. आजी अंथरुणात उठून बसते आता, मी भरवलं तर खाते. घर मोठं आहे, मागं विहीर आहे. ह्यांना हाक मारायची झाली तर अजून माझ्या तोंडातून मामाच येतं. घरातली सगळी हसतात. तेही हसतात. ते मला काही बोलत नाहीत, फार चांगले आहेत.

कौशल्येनं लिहिलं की तुम्ही आमच्याकडं येत नाही. रस्त्यात आई दिसली तरी दुसऱ्या बाजूनं जाता. म्हणून हे लिहिते. तुमच्या एकट्यामुळं झालं असं तुम्ही मनात धरू नका. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुम्ही बाहुल्या देताना हसत होतात. मदुवेची जोडी देताना तसं कुणी हसत नाही. देणाऱ्या बाईचा आवाजसुद्धा बदलतो, मी बघितलेलं आहे. तुम्ही विचारलंत, आवडल्या ना? तेव्हाच मला कळलं की तुम्हाला काही ठाऊक नाही. मी आईला लगेच सांगायला पाहिजे होतं. आत गेले ती सांगायच्याच विचारानं. पण आत ऐकू आलं, अप्पा म्हणत होते, आता हयवदनाला नको म्हणून कळवायला पाहिजे. मग मी सांगितलं नाही.

मला अरविंद अण्णा नको होते. त्यांच्याशी मी कधी बोलले पण नाही. मला फक्त मार्च पाहिजे होता. शिकलेली सून लागते हे अप्पांना मीच सुचवलं, कौशल्येच्या तोंडून. आई पत्र सांगताना म्हणाली होती, उलट टपाली उत्तर द्या. मी लिहिलं, घाई नाही. पुण्याहून उत्तर आलं नाही तेव्हा आई रोज कष्टी व्हायची आणि मी गणितं करायची. तुम्ही जिन्यावरून जाताना माझ्याकडं बघून ओशाळवाण्या व्हायचात. मला तुमची दया यायची आणि भीती पण वाटायची, की आज ह्या सांगतात.

संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकू येत होतं. वाटलं, बाहेर येऊन तुमचा हात धरावा आणि म्हणावं, अक्का, स्वल्प थांबा. पण तसं म्हटलं असतं तर, मला आधीच सगळं माहीत होतं, हे आईला कळलं असतं. दूध वर आलेलं मला दिसत होतं. मी ते उतरवलं नाही.

परीक्षेचा पहिला पेपर झाला त्या दिवशी मी इथं धुणं धूत होते. मैत्रिणीनं मागाहून प्रश्न लिहून पाठवले. मला सगळे येत होते. ते लिहिण्यात काही अर्थ नाही, तरी लिहिलं.

मला एकाच गोष्टीची लाज वाटते. ह्यांना आईनं नको म्हणून कळवलं तेव्हा ते आजीजवळ बसून रडले होते, असं आजीनं मला सांगितलं. ती आता बरी होत चालली ना, सगळं सांगत बसते. त्यांना ताट वाढताना मला रोज ते आठवतं. ज्यांना मी टाळलं त्यांच्याच घरात मी राहते आणि ते मला बरं वाटावं म्हणून बाजारातून फुलं आणतात.

आईला अजून वाटतं की पुण्याच्या माणसांनी तिला लोकांत खाली बघायला लावलं. देवापुढं बसून ती रडते, तुमचं नाव घेऊन काही बोलते असंही कौशल्या म्हणते. तुम्हाला वाटेल की आता जाऊन तिला सांगावं, तुमच्या विमलाला सगळं ठाऊक होतं, एकट्या माझाच दोष नव्हता. तुम्हाला खोटं फार दिवस पोटात ठेवता येत नाही, मी बघितलं आहे. पण हे सांगू नका. दुसऱ्यांनी फसवलं तर आई सोसेल. तिच्या मुलीनं तिला फसवलं, आरतीच्या वेळी समोर बसून फसवलं, हे ती सोसणार नाही. तिला तुमच्यावरच रागावू दे, अक्का. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
विमला